अवीच्या बुटातली वाळू

अवीने मला सांगितलं होतं. समुद्राच्या कडेने चालता चालता तो थांबला आणि म्हणाला, "दिल्या, धाप लागतेय रे. खांद्यापासून दंडापर्यंत ओढल्यासारखं होतंय. डॉक्टरकडे जाऊन येऊ का उद्या?" आणि मी विनोद केला. तो हसला, मीही हसलो, आणि आम्ही पुढे निघालो. अविनाशवर लिहायचं तर आधी हे लिहायला हवं. तो किती मोठ्या मनाचा होता, किती हुशार होता, हे सांगून मग हळूच शेवटी हे सांगितलं असतं तर ती आणखी एक लबाडी झाली असती. मेधावहिनींना, म्हणजे त्याच्या पत्नीला, विचारूनच हे लिहितो आहे.

अवीची आणि माझी ओळख अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेतली. दोघंही पुण्याहून नुकतेच आलेले, दोघांच्याही हातात जन्मदाखल्यांच्या प्रती, आणि दोघांनाही खिडकीतल्या बाईंनी दाखल्यावरचा शिक्का चालत नाही असं सांगून परत पाठवलेलं. मी वैतागून जिना उतरत होतो, तर मागून शुद्ध सदाशिवपेठी आवाज आला, "चला, म्हणजे सरकारी कचेरी इथेही घरच्यासारखीच." मी वळून पाहिलं. उंच, किंचित वाकलेला, डोक्यावर माकडटोपी. परदेशात माकडटोपी घालायला एक धैर्य लागतं, ते त्याच्याकडे होतं. तो झुइडास या कचेऱ्यांच्या भागातल्या उंच इमारतींपैकी एका बँकेत डेटाबेस सांभाळायचा, मी दोन इमारती सोडून दुसऱ्या एका कंपनीत. त्या दिवसापासून दुपारचा डबा आम्ही एकत्र खाऊ लागलो.

पुण्यात तो दर रविवारी सह्याद्रीत असायचा. इथे आल्यावर त्याची फार पंचाईत झाली. "या देशात चढच नाही रे," तो म्हणायचा, "कालव्यावरचा पूल आला की तीच टेकडी समजायची." मग एका रविवारी तो मला आगगाडीत घालून कास्ट्रिकम नावाच्या समुद्राजवळच्या गावी घेऊन गेला. तिथे स्टेशनबाहेरच्या फलकावर एक गोल वाट दाखवलेली होती. दिवसभर चालायचं आणि निघालो तिथेच परत यायचं. आधी गाव, मग झाडी, मग वाळूच्या टेकड्या आणि त्या ओलांडल्या की एकदम समुद्र. पाण्याच्या कडेने उत्तरेला बरंच चालत जायचं, पुढच्या गावापाशी पुन्हा टेकड्या चढून पाइनच्या जंगलात शिरायचं आणि शेवटी फुलांच्या कंदांची शेतं, गाई, कालवे करत स्टेशन. वाळूच्या टेकडीवर चढल्यावर अवीने कमरेवर हात ठेवून चारी दिशांना पाहिलं आणि म्हणाला, "राजगड नाही. पण चालेल."

ती वाट आमची झाली. दर ऋतूत एकदा तरी तिथे जायचंच. थर्मासमध्ये चहा, मेधावहिनींनी दिलेल्या दशम्या, लसणाची चटणी. इथे वाटेत भेटणारा प्रत्येक अनोळखी माणूस नमस्कार करतो, म्हातारेकोतारे तर थांबून करतात. अवी सगळ्यांना खणखणीत "राम राम, आजोबा" म्हणायचा. एका ऋतूत एका उंच, लालबुंद चेहऱ्याच्या आजोबांनी टोपी काढून "राम राम" असं उत्तर दिलं आणि अवी दिवसभर त्या आनंदात होता. "बघ, मी इथली भाषा शिकलो नाही, पण त्यांना आपली शिकवली."

त्याचा एक नियम होता. समुद्र मागे टाकून पाइनच्या झाडीत शिरताना वळणावर एक लाकडी बाक आहे. तिथे बसायचं, दोन्ही बूट काढायचे, उलटे करून सगळी वाळू झाडायची, मोजेसुद्धा झटकायचे आणि मगच जंगलात पाऊल टाकायचं. मला हा सोपस्कार वाटायचा. मी उभ्या उभ्या एक बूट झटकायचो आणि घाई करायचो. "लेका, समुद्राचं समुद्राकडे राहू दे," तो शांतपणे म्हणायचा, "घरी मेधा आहे. गालिचा तिने आणलाय." त्यामुळे इतक्या वेळा समुद्रावर जाऊनही त्याच्या घरात वाळूचा कण कधी आला नाही.

आता त्या विनोदाबद्दल. या देशात प्रत्येकाला वस्तीतला एक ठरलेला डॉक्टर असतो. काहीही झालं तरी आधी त्याच्याकडे जायचं, मोठ्या डॉक्टरकडे थेट जाता येत नाही. तो डॉक्टर पटकन औषध देत नाही, म्हणून आपल्या मंडळींत एक ठरलेला विनोद आहे, की काहीही घेऊन जा, पॅरासिटॅमॉल मिळेल. गणपतीला, दिवाळीला आम्ही मराठी घरं जमलो की प्रत्येकाकडे असा एक किस्सा असतो. आणि मी, सांगायला आता लाज वाटते, या किश्श्यांचा राजा होतो. मान तिरकी करायची, चष्म्यावरून बघायचं, "हं... पॅरासिटॅमॉल घ्या, भरपूर पाणी प्या, दोन आठवड्यांनी बरं वाटलं नाही तर या." लोक पोट धरून हसायचे. जेवणं झाली की कुणीतरी म्हणायचंच, "दिलीप, डॉक्टर कर ना." अवी सगळ्यात पुढे बसून हसायचा.

त्या दिवशी समुद्रावरही मी तेच केलं. शरद ऋतू होता, वारा समोरून येत होता, तो नेहमीपेक्षा सावकाश चालत होता आणि मला घरी लवकर पोचायचं होतं. संध्याकाळी ऑफिसचं काहीतरी नवीन सुरू व्हायचं होतं आणि काही बिघडलं तर येणारा मदतीचा फोन माझ्याकडे होता. तो थांबून खांद्याबद्दल बोलला, डॉक्टरकडे जाऊ का म्हणाला, तेव्हा मी मान तिरकी केली. चष्मा नाकावर ओढला. "हं... पॅरासिटॅमॉल घ्या..." त्याने हात वर केला, "बास, बास, हसवू नको, दुखतंय." आणि तरी हसला. मग म्हणाला, "खरंय तुझं. जाऊन काय होणार."

जाऊन काय होणार. हे वाक्य माझं होतं, त्याच्या तोंडून आलं एवढंच.

बाकापाशी आलो तेव्हा तो सवयीने बसला, नाडी सोडायला वाकला. मी घड्याळ पाहिलं. म्हटलं, "अवी, चल रे, ही गाडी चुकली तर माझी पंचाईत आहे. घरी जाऊन झाड बूट." तो क्षणभर तसाच वाकलेला राहिला. मग पुन्हा नाडी बांधली आणि उठला. कंदांच्या शेतांवर तेव्हा गवत पसरलेलं होतं. थंडीसाठी जमिनीला पांघरूण घालतात तसं. मी पुढे, तो मागे. मधे एकदा वळून पाहिलं तर तो कुंपणाला हात टेकून उभा होता आणि गाईकडे बघत असल्यासारखं करत होता. मला तेव्हा ते खरंच वाटलं... किंवा वाटून घेतलं. गाडी मिळाली. गाडीत तो खिडकीला डोकं टेकून झोपला.

पुढच्या काही दिवसांत डब्याच्या वेळी मी विचारलंही नाही. त्यानंतरच्या एका सकाळी मेधावहिनींचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता. "दिलीप, अवी स्टेशनच्या सायकलतळावर पडला. त्याला इस्पितळात नेलं होतं. तो गेला." मी ऑफिसच्या काचेच्या इमारतीत उभा होतो. खाली ट्राम वळत होती.

इथल्या दहनगृहात सगळं फार शांतपणे होतं. पुण्याहून गुरुजींनी फोनवरून मंत्र सांगितले, फोन टेबलावर ठेवला होता आणि मधे मधे आवाज तुटत होता. माणसं रांगेने येऊन हात मिळवत होती. त्याच्या बँकेतले लोक, शेजारचं डच जोडपं. मी कोपऱ्यात उभा राहिलो.

दिवस झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा वहिनी दाराशी बसल्या होत्या. समोर अवीचे चालायचे बूट. "दिलीप, एक विचारू?" त्या म्हणाल्या, "याच्या बुटात वाळू आहे. इतक्या वर्षांत कधी आली नाही. तुम्ही त्या दिवशी बाकावर थांबला नाहीत का?" मी म्हटलं, "वारा फार होता हो वहिनी." त्यांनी मान हलवली. बूट तसेच ठेवून दिले. घरी परतताना मी दोन थांबे पुढे गेलो, उतरायचं भानच राहिलं नाही.

त्यानंतर माझ्याच छातीत दुखायला लागलं. झोप येईना. मी त्या ठरलेल्या डॉक्टरकडे गेलो. मी ज्यांची नक्कल करायचो त्याच बाई. त्यांनी मान तिरकी केली नाही. हातातलं पेन खाली ठेवलं, कधीपासून, कुठे, हातात येतं का, चालताना धाप लागते का, एकेक विचारलं आणि त्याच तासाला मला इस्पितळात पाठवलं. माझं हृदय चांगलं निघालं. सगळे म्हणाले सुटलास. मी इस्पितळाच्या बाहेर सायकलपाशी उभा राहिलो आणि मला कुलूप उघडता येईना... जाऊन काय होणार, ते मला कळलं होतं.

थंडी चांगली पडल्यावर वहिनींचा फोन आला. "तुम्ही दोघं कुठे जायचात ते मला एकदा बघायचंय. सईही येते म्हणते." सई त्यांची मुलगी, बारा वर्षांची. आपलं बोलणं तिला सगळं समजतं, उत्तर मात्र डचमध्ये देते. आम्ही तिघं तीच गाडी घेऊन गेलो. झाडी, टेकड्या, समुद्र. वारा त्या दिवशी नव्हताच. वाटेत एक आजी भेटल्या, त्यांनी नमस्कार केला, आणि सईने खाली मान घालून हळूच "राम राम" म्हटलं. वहिनी तिच्या पुढे चालत होत्या, त्यांनी मागे पाहिलं नाही. मी पाहिलं.

वळण आलं तसा मी बाक दाखवायला हात उचलला, त्याआधीच सई पुढे गेली होती. "हिर," ती म्हणाली. इथे. एका उन्हाळ्यात अवी तिला घेऊन आला होता. वहिनी बसल्या. खांद्यावरच्या पिशवीतून त्यांनी अवीचे बूट काढले. मला कल्पना नव्हती त्यांनी ते आणलेत याची. "इथेच रिकामे करायचा ना?" त्या म्हणाल्या आणि बूट उलटा करायला हात उचलला.

"वहिनी, थांबा," मी म्हटलं. "वाऱ्यामुळे नाही. मी त्याला थांबू दिलं नाही."

आणि मग सगळंच सांगितलं. खांदा, धाप, माझी नक्कल, घड्याळ, कुंपणाला टेकलेला हात. सई झाडांकडे गेली होती, तरी ऐकत असावी. वहिनींनी मधे एकदाच विचारलं, "काय म्हणाला होता? त्याच्या शब्दांत सांगा." मी सांगितलं. त्यांनी समुद्राच्या बाजूला तोंड वळवलं. तिथून समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

"तुमच्या नकलेला मीसुद्धा हसायचे," त्या म्हणाल्या. "पण मला सांगितलं असतं तर मी त्याला ओढत नेलं असतं, दिलीप. हसत हसत नेलं असतं."

त्यांनी एक बूट माझ्यापुढे धरला. "हा तुम्ही रिकामा करा. तुमच्यामुळे राहिला होता."

मी गुडघ्यावर बसलो आणि बूट उलटा केला. थोडी वाळू लगेच पडली, थोडी टाचेशी चिकटली होती, ती बोटाने काढावी लागली. आत त्याच्या पावलाचा खळगा पडलेला होता. दुसऱ्या बुटासाठी हात पुढे केला, तर तो वहिनींनी परत पिशवीत ठेवला होता. "हा असू दे," त्या म्हणाल्या, "हा घरी असू दे."

तो अजून त्यांच्या दाराशी आहे, एकटाच. मी जातो तेव्हा तिथे माझे बूट काढून ठेवतो. पण त्या दिवशी बाकापाशी, तो रिकामा बूट मांडीवर धरून मी जे बोललो ते एवढंच होतं. आधी वहिनींना म्हटलं, "माझं चुकलं." मग बुटाकडे बघून म्हटलं, "अवी, तू सांगत होतास आणि मी ऐकलं नाही रे. चुकलो. मला माफ कर."