प्लास्टर निघाल्यावर

सून होऊन या घरात आले तेव्हा मला वाटायचं, इंद्रायणीचा भात अख्ख्या मावळात माझ्याशिवाय कुणाला जमत नाही. शेजारणी पाण्याचं प्रमाण विचारायच्या, मी मुद्दाम अर्धंच सांगायचे. काय तो तोरा! माहेरी गेले की घर उपाशी पडेल म्हणून दोन दिवसांत परत. बोलावलेलं कुणीच नसायचं.

मागच्या थंडीत लोणावळ्याच्या बाजारात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. मुलगा-सून नोकरीच्या गावी. घरात आम्ही दोघंच. आमचे हे देहूरोडच्या डेपोतून रिटायर झाल्यापासून ओट्यावर बसून रस्ता बघायचे, तेवढाच उद्योग. चहासुद्धा कधी केलेला नाही. ते गॅससमोर उभे राहिले. तांदूळ गिरणीतून नुकताच आणलेला, नवा. यांनी पाणी घातलं जुन्याएवढं.

"आवो, भात हाय का पोस्टर चिकटवायची खळ?"

"गप खा. उद्या बघ."

उद्याही खळच झाली. पण पुढे जमायला लागलं. मग मेथीच्या जुडीवरून यांचा भाजीवालीशी वाद. शेजारणीला पाण्याचं प्रमाण सांगणं, तेही पुरतं! माझे डबेसुद्धा त्यांनी हलवले. मी बाजेवर पडून कुढायचे. जन्मभराची माझी जागा डोळ्यांदेखत चालली होती. प्लास्टर निघू दे, मग बघते एकेकाला, असं रोज घोकायचे.

निघालं एकदाचं. डॉक्टर म्हणाले, आता सगळी कामं करा. तळेगावच्या दवाखान्यातून घरी येईपर्यंत हे खिडकीतून रस्ताच बघत बसले.

सकाळी स्वयंपाकघराच्या दारात गेले. त्यांच्या हातात तांदूळ धुतलेलं पातेलं.

"हात कसाय?"

"का वो?"

"न्हाई, आता तूच करशील..."

पातेलं पुढं केलं, पण सोडलं नाही. नजर खाली. आता परत ओट्यावर जाऊन बसायचं, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

तरणी असते तर हिसकावून घेतलं असतं. पण त्या घडीला इतक्या वर्षांचा शीण अंगावर आला. कशासाठी भांडू? पातेल्यासाठी?

"कुटलं काय. लय दुखतोय अजून," मी म्हटलं.

"मग उभी कशाला मरायला? बस तिकडं!" ते खेकसले आणि त्यांनी गॅस पेटवला.