रिठावरची पिवळी रेघ

ती चूक माझ्याच हातची, हे आधी सांगून टाकते. पुढे मी ज्यांच्या ज्यांच्याशी भांडले, ते सगळे हीच एक गोष्ट ऐकवून माझं तोंड बंद करायला बघायचे. म्हणून आता मीच पहिल्यांदा सांगते आणि मग भांडते.

मी संग्रामपूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. दाखले काढणं, वरून आलेल्या पत्रांना उत्तरं टाईप करणं, हे माझं काम. आमचं गाव एका जागी आणि शेतं दुसऱ्या जागी आहेत. जिथे शेतं आहेत तिथे पूर्वी गाव होतं. नदीने दोन वेळा घरात शिरून दाखवल्यावर आमच्या पणज्यांनी बाडबिस्तरा उचलला आणि वरच्या माळावर नवं गाव वसवलं. जुन्या जागेला आम्ही रिठ म्हणतो. सरकारच्या कागदावर तो अजूनही वेगळा मौजा आहे. त्याला स्वतःचं नाव आहे, गट नंबर आहेत, फक्त माणसं नाहीत. म्हणून पोलिओचं पत्र येवो की शाळेचं, रिठाच्या नावासमोर आमची पंचायत एकच वाक्य लिहीत आली: सदर मौजा उजाड असून लोकसंख्या निरंक. माझ्या आधीचा माणूस तेच लिहायचा. मी तर त्याची तयार फाईलच करून ठेवली होती. तारीख बदलली की झालं.

एका वर्षी पावसाळा सरता सरता विमानतळाचं पत्र आलं. शेजारच्या जिल्ह्यातल्या विमानतळाची धावपट्टी वाढली होती, मोठी विमानं उतरणार होती, म्हणून त्याच्या भोवतालच्या आकाशाची हद्द नव्याने आखायची होती. यादीतल्या प्रत्येक मौजाची लोकसंख्या किती, उंच टॉवर आहेत का, देवळाचा कळस किती उंच, आणि हरकत असल्यास कळवावी. आकाशालाही शिवधुरा असतो, शेताला धुरा म्हणजे बांध असतो तसा, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्याच्याशी आपला काय संबंध, असंही त्याच दिवशी वाटलं. गावाची माहिती मी मन लावून भरली. मोबाईलच्या टॉवरची उंची कंपनीच्या माणसाला फोन करून विचारली. रिठासाठी तयार फाईल उघडली, तारीख बदलली. लोकसंख्या निरंक, हरकत नाही. आमच्या सचिवांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, सही केली आणि मी चहा प्यायला गेले.

आता माझ्या धाकट्या जावेबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यावरच आलं. आमच्या दोघींच्या घरांत एक भिंत आहे आणि त्या भिंतीवरून आम्ही बारा वर्षं नळाच्या पाण्यासाठी भांडलो आहोत. बाळंतपण सोडून दुसऱ्या कामासाठी घराबाहेर पंधरा दिवस राहिलेली आमच्या घरातली ती पहिली बाई. ड्रोन उडवायचं शिक्षण घ्यायला गेली, परीक्षा पास झाली, लायसन घेऊन आली. बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला आणि तो तिच्या हातात आला. त्याआधी माझे दीर पाठीवर पंप घेऊन डोक्यावर गेलेल्या कपाशीत शिरायचे. एका साली असेच शिरले आणि तिकडेच पडले. औषध अंगात भिनून दिसेनासं झालं होतं. दवाखान्यातून आठ दिवसांनी घरी आले तेव्हा जावेने तो पंप माळ्यावर टाकला आणि म्हणाली, आता हा खाली येणार नाही. ड्रोन तिने त्यासाठी शिकला. गावातल्या लोकांना ते कौतुक वाटायचं, तिला ती गरज होती.

तुरीला फुलं लागली होती, अळी दिसायला लागली होती. मी सुट्टी काढून तिच्या मदतीला रिठावर गेले होते. टाकी भरली, ड्रोन धुऱ्यावर ठेवला, तिने बटण दाबलं. पाती फिरलीच नाहीत. पुन्हा दाबलं. मोबाईलवर सूचना आली की या जागी परवानगीशिवाय उड्डाण करता येणार नाही. आकाशाचा नकाशा मोबाईलवर दिसतो. हिरव्या भागात उडवा, पिवळ्यात विमानतळाला विचारून उडवा, लाल भागाचं नाव काढू नका. कालपर्यंत आमचं सगळं हिरवं होतं. आज पिवळी रेघ रस्त्याने सरळ येत होती, आमच्या शिवेवर वळत होती, गावाला नीट वळसा घालत होती आणि रिठ आख्खं पोटात घेत होती. कोणीतरी भल्या मनाने वस्ती वाचवली होती. आमच्या घरांच्या पत्र्यांवर फवारायला पूर्ण मोकळीक होती.

"काऊन वो जाऊबाई," ती म्हणाली, "परवा तं उडलं होतं न?"

मी नकाशा पाहिला आणि मला माझी फाईल आठवली. तिथेच, धुऱ्यावर उभी राहून, तिला सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने टाकीतलं औषध डब्यात परत ओतलं, ड्रोन घडी करून गाडीत ठेवला. संध्याकाळी भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज आला म्हणून मी डोकावले, तर दीर माळ्यावरचा पंप खाली काढून धूत होते.

मला इतका राग कधीच आला नव्हता. आधी स्वतःचा आला. पण तो फार वेळ माझ्यापाशी थांबला नाही. एक निरंक लिहिलं म्हणून ज्याने कधी या मातीत पाय ठेवला नाही त्याने रेघ ओढावी, हे मला पटेना. आजही पटत नाही.

दुसऱ्या दिवशी सचिवांना म्हटलं, नवं पत्र पाठवू. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, पण कागदाला फार भितात. हरकतीची तारीख गेली, म्हणाले. आपणच लिहून दिलं की तिथे कोणी राहत नाही, आता राहतं म्हणावं तर आधीचं खोटं ठरतं, जबाबदार कोण? आणि खरं सांगा, राहतं का कोणी? त्यापेक्षा रोज परवानगी मागा. आम्ही मागितली. चौथ्या दिवशी मिळाली, तीही आदल्या दिवसाची. तोवर दिरांनी तोंडाला दुपट्टा बांधून अर्धी तूर पाठीवरच्या पंपाने काढली होती आणि जाऊ धुऱ्यावर बसून त्यांच्याकडे एकटक बघत होती.

मग मी माझ्या नावाने अर्ज लिहिला. चूक माझी आहे, माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, पण ही जमीन रिकामी नाही, येऊन पाहा. विमानतळाच्या कार्यालयाला तीन वेळा पाठवला, दोनदा ईमेलने आणि एकदा रजिस्टर पोस्टाने. सचिव म्हणाले, ताई, नोकरीवर येईल. मी म्हटलं, येऊ द्या.

उत्तर आलं ते मार्गशीर्षात. एक अधिकारी गुरुवारी जागेची पाहणी करायला येणार होते. आता पाहणीला येऊन ते बघणार काय? तूर, हरभरा आणि एक मारुती. मौजा उजाड, म्हणतील, आणि जातील.

तेव्हा मला रोडग्यांची आठवण झाली. दर मार्गशीर्षात एका शनिवारी आख्खं गाव रिठावरच्या मारुतीला जातं, गोवऱ्या पेटवून त्यांच्या आरात रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजतं आणि वांग्याच्या भाजीशी जेवतं. असं पुष्कळ गावांत होतं. आमच्याकडचा नेम वेगळा आहे. आमच्याकडे प्रत्येक घराने आपला जाळ आपल्याच जुन्या जोत्यावर पेटवायचा. तिथे भिंत नाही, दगड नाही, काही दिसत नाही. तरी सगळ्यांना ठाऊक असतं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या वर्षी सासूने हाताला धरून नेलं आणि सांगितलं, ही आपली चूल, हे आपलं अंगण, हा शेजाऱ्यांचा ओटा, इकडे पाय टाकू नको. ज्या घरात आता कोणी उरलं नाही त्याचं जोतं तसंच मोकळं सोडतात.

मी लोकांना म्हटलं, या वर्षी रोडगे गुरुवारी करू. एकदम गलका झाला. मारुतीचा वार शनिवार, आजवर बदलला नाही, आता एका साहेबासाठी बदलायचा? काहींनी मला तिथेच सुनावलं की तुझ्याच कागदाने हे झालं. मी म्हटलं, माझ्याच, म्हणून तर हात जोडते. शेवटी माझे सासरे उठले. त्यांना गावात मान आहे आणि ते कमी बोलतात.

"मारुतीले कोनताई वार चालते," ते म्हणाले. "साहेबाले शनवारी सुट्टी असते."

गुरुवारी अकराच्या सुमाराला गाडी आली. अधिकारी वयाने पन्नाशीचे, हातात नकाशा, बरोबर ड्रायव्हर. उतरले आणि उभेच राहिले. समोर जिकडे तिकडे धूर, धुरापाशी माणसं, पोरं, पराती, पिठाचे गोळे. जत्रा आहे का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, ही घरं आहेत. त्यांनी कागद काढून दाखवला, यात तर लोकसंख्या निरंक आहे. मी म्हटलं, ते मीच लिहिलंय. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

मग ते चालू लागले आणि सरळ एका जाळाकडे निघाले. मी त्यांना थांबवलं. साहेब, इकडून नका, हे लोकांचं घर आहे, गल्ली इकडून आहे. मला वाटलं चिडतील. ते वळले आणि मी दाखवलं तसे चालले. दोन्ही बाजूला जाळ, मधून मोकळी वाट, पुढे ती वाट डावीकडे वळून मारुतीपाशी जाते. तिथे पोचल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं. ती गल्ली त्यांनाही दिसली असावी, कारण हातातला नकाशा त्यांनी खाली केला.

त्यांचंही म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. विमान उतरताना इकडून खाली येतं, आत माणसं असतात, वाटेत काही उडत असलं तर चालत नाही. मी म्हटलं, आम्हाला काय विमान पाडायची हौस आहे? सकाळचं विमान केव्हा येतं ते आमच्या म्हाताऱ्यांना पाठ आहे, त्यावर ते चहा मागतात. त्यांनी जावेला विचारलं की ड्रोन किती उंच नेता. ती आधी पदराशी चाळा करत होती. मग एकदम शिकवणीतल्यासारखी बोलायला लागली. पिकाच्या वर तीन मीटर, वारा असला तर नाहीच, संपर्क तुटला तर तो आपोआप जागेवर परत येतो. साहेब ऐकत होते. बोलता बोलता तिने मारुतीमागच्या कडुलिंबाकडे हात केला.

"माहा ड्रोन या लिंबाच्या निम्म्यालेई जात नाई, साहेब. या लिंबाले कोनं परवानगी देल्ली?"

मला हसू फुटलं आणि ते मी आवरलं नाही. साहेबांनी झाडाकडे मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. जेवायला बसा म्हटलं तर संकोचले. मी सांगितलं, ही लाच नाही, इथे आलेला माणूस जेवूनच जातो, तुम्ही हरकत फेटाळली तरी वाढणार आहोत. ते बसले. रोडगा तुपात कुस्करून खाल्ला. वचन कसलंच दिलं नाही.

फाल्गुनात एका सकाळी जावेने भिंतीवरून मोबाईल पुढे केला. पिवळी रेघ सरकली होती. आता ती नाल्याने जात होती. रिठाचं जवळजवळ सगळं शिवार हिरवं झालं होतं. नाल्यापलीकडची तीन शेतं तेवढी पिवळ्यात राहिली होती आणि त्यातलं एक आमचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. जावेने त्यावर बोट ठेवून दाखवलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दिवसभर वाटलं. पण दिरांचा पंप त्या दिवशी पुन्हा माळ्यावर गेला, तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. आमच्या शेतासाठी प्रत्येक फवारणीआधी मी अर्ज करते. कधी वेळेवर परवानगी मिळते, कधी नाही मिळत. ती रेघ अजून एक शेत सरकावी असा अर्जही दर महिन्याला जातो.

परवा दुसऱ्याच कुठल्या कार्यालयाचं पत्र आलं. मौजावार माहिती हवी होती. सचिव म्हणाले, ताई, रिठाची ती तयार फाईल असेल ना. मी म्हटलं, पुसून टाकली. मग त्यांच्यासमोरच टाईप केलं: रात्री निरंक, दिवसा संपूर्ण गाव.

त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, या रकान्यात फक्त आकडा चालतो.

मी म्हटलं, मग रकाना बदलायला सांगा त्यांना. मी हे बदलणार नाही.

त्यांनी प्रिंट मागून घेतली. मग सही केली.