मावशींचे अकरा आकडे

सोमवारी सकाळी माझे हाडात न रुजलेले दाताचे इम्प्लांट काढले. खर्च साडेतीन हजार ठरला होता. हजर होते डॉक्टर, माझी बायको आणि दवाखान्यातल्या मावशी.

या मावशींना मी वर्षभर पाहतो आहे. घर विणकरांचे, बोलणे मराठीत, पण मोजणे तेलुगूत. कापसाचे बोळेसुद्धा "ओकटी, रेंडू, मूडू" म्हणत मांडतात. त्या दिवशी मी खुर्चीचा दांडा सोडेना, तेव्हा म्हणाल्या, "हात द्या की साहेब. मी मोजते, तुमी नुसतं ऐका."

डॉक्टर स्क्रू उलटा फिरवू लागले आणि मावशी एकेक फेरा मोजू लागल्या. मोजता येते ते संपतेच, या हिशेबावर मी तग धरला. "पदकोंडू" म्हणजे अकरावर स्क्रू सुटला. मग दिसले, माझ्या मुठीत त्यांच्या दोन बांगड्या फुटल्या होत्या आणि मनगटावर रक्त होते. आवाज मात्र एकदाही हलला नव्हता.

मी बांगड्यांचे पैसे पुढे केले, तर त्यांनी हात मागे घेतला. "घरी मालकांना काय सांगू? साहेबांनी हात धरला म्हणून?"

बायको हसली. "भावानं धरला म्हणा. चला, बांगड्या भरू."

डॉक्टरांना साडेतीन हजार दिले आणि समोरच्या कासाराला, भावाकडून, साठ रुपये.