आडव्या फांद्या

माझी थोरली ताई एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. दिवसभर ब्लीचची वाफ. म्हणायची, "माझं नाक नोकरीला आहे, रविवारी तेवढं घरी येतं."

निवृत्त झाल्यावर तिने एकच हट्ट धरला. वासाचा गुलाब हवा. जुना, गावठी, वर्षातून एकदाच तीन आठवडे फुलणारा. जुन्या मैत्रिणीच्या अंगणातून तिने काडी आणली. घरामागची जागा चार हात रुंद, आणि दहा वाजताच शेजारच्या इमारतीची सावली पडायची. मी म्हणालो, "इथे शेवाळ लाव, झकास येईल."

"तू गवंडी. तुला भिंतीपलीकडचं काय कळतंय?"

खड्डा तिने स्वतः खणला. मी कुदळ मागितली, दिली नाही. उजेड परतून पडावा म्हणून भिंतीला माझ्याकडून चुना मारून घेतला. सावलीत फांद्या लांब, बारीक वाढायच्या. दर आठवड्याला थोड्या थोड्या वाकवून ती त्या फाटक्या चादरीच्या पट्ट्यांनी तारेला आडव्या बांधायची; आडव्या फांदीला जास्त फुलं धरतात म्हणे. तिसऱ्या वर्षी सतरा फुलं आली. चौथ्या वर्षी मोजणं सोडलं.

पाचव्या वर्षी, थंडीत, तिच्या नाकात गाठ निघाली. साधीच होती, पण काढल्यावर वास कायमचा जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

"किती थांबता येईल?" ताईने विचारलं.

"तीन महिने. पुढे एक दिवस नाही."

बहर अडीच महिन्यांवर होता. "मग थांबा. एकदा पोटभर वास घेते, मग कापा."

तपासण्यांसाठी ती चार दिवस इस्पितळात राहिली. किल्ली माझ्याकडे. मला रिकामं बसवत नाही. कामावर मला 'ओळंबा' म्हणायचे, भिंत सरळ आहे का पाहायची वजनाची दोरी. वाकडं दिसलं की हात शिवशिवतात. एकदा सार्वजनिक बागेत फरशी बसवताना माळ्याचं काम पाहिलं होतं. थंडीत गुलाब गुडघ्याएवढा ठेवायचा, वरचं सगळं उडवायचं. तेच केलं, आणि चोख केलं. कात्रीला धार लावली. प्रत्येक काप तिरका, फांदीवरच्या कोंब फुटायच्या डोळ्याच्या किंचित वर. पट्ट्या सोडून धुतल्या, घडी करून ठेवल्या.

ताई आली, मागच्या दारात थबकली. मी शाबासकीची वाट पाहत होतो.

"कुणी केलं हे?"

"मी. अख्खी सकाळ गेली."

ती पायरीवर बसली. "अरे ओळंब्या, हा गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलतो रे."

"पुन्हा फुटेल की."

"फुटेल. पानं येतील. फुलं पुढच्या वर्षी."

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने पट्ट्या उचलल्या. "घडी मात्र छान घातलीस. धुलाईघरात लावून घेतलं असतं तुला."

मी तीन रोपवाटिका पालथ्या घातल्या. तो गुलाब कुणाकडे नव्हता. मैत्रिणीच्या अंगणात आता फरशी होती. झुडूप हिरवंगार झालं, पण कळी एक नाही. शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली.

पुढच्या वर्षी असा फुलला की भिंत दिसेना. ताईने एक फूल तोडून सवयीने नाकाशी नेलं, मग माझ्यापुढे धरलं.

"सांग, कसा आहे?"

"चांगला आहे."

"चांगला काय? वीट आहे का ती?"

पुन्हा हुंगलं. "गोड आहे."

"गूळही गोड असतो. नीट सांग. जरा मेहनत घे."

हाताखालच्या माणसांना जन्मभर मी हेच सांगत आलो. तेव्हापासून बहर असला की रोज सकाळी, ऊन जायच्या आत, तिच्याकडे जातो. ती पायरीवर बसून वाट पाहते. मी हुंगतो, एखादा शब्द सांगतो. ती मान हलवते.

"नाही. असा नव्हता."