पुसलेलं नाव

प्रौढांना शिकवायला निघालेल्या माणसाला आधी कुणीतरी थोडं शिकवायला हवं. मला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी भर वर्गात एका बाईच्या नवऱ्याचं नाव ओल्या फडक्यानं पुसलं.

साठ सालच्या आसपास पौडच्या पुढं एका वाडीत मी मास्तर होतो. दुपारी देवळाच्या ओवरीत बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचो, तेही फुकट, आणि त्याचा मला भारी अभिमान. वर्गात सात जणी. त्यांतल्या चाळिशीच्या एकीचा मुलगा पलटणीत होता. त्याचं पत्र आलं की पोस्टमन पारावर मोठ्यानं वाचायचा आणि अख्खी वाडी ऐकायची. तिला ते एकटीनं वाचायचं होतं. तेवढ्यासाठी ती यायची.

मी मात्र सगळ्यांना नवऱ्याचं नाव गिरवायला दिलं. तोंडानं घ्यायचं नसतं, तर हातानं घ्या, असा विनोदही केला. तिनं नाव सुरेख काढलं. मी शाबासकी दिली आणि पुढच्या धड्यासाठी पाटी पुसली. बायका गप्प झाल्या. मला वाटलं, शिकवण्याचा परिणाम. कपाळाचं कुंकू पुसावं तसं मी ते पुसलं होतं, हे मी सोडून सगळ्यांना कळलं होतं.

त्याच संध्याकाळी तिच्या नवऱ्याच्या मांडीत बैलानं शिंग खुपसलं.

दुसऱ्या दुपारी तो मांडीला धोतर गुंडाळून लंगडत ओवरीत आला. त्यानं तिच्या उजव्या हातावर काठी घातली. बोटाचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. मग पाठीवर, मग डोक्यात. रक्त कानामागून चोळीत उतरलं. मी मध्ये पडलो. म्हणजे खरोखरच पडलो, पहिल्याच फटक्यात. दुसरा खांद्यावर बसला तेव्हा मी खांबाकडं सरपटत होतो.

त्यानं पाटी तिच्यापुढं आपटली.

"माजं नाव परत लिव. न्हाईतर मी मरतुया."

तिनं पेन्सिल डाव्या हातात घेतली.

"लिवते. पर आदी पोराचं लिवीन." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "मास्तर, सांगा."

मी खांबाआडून एकेक अक्षर सांगत गेलो. तो अक्षरागणिक मारत गेला. नाव तीन अक्षरांचं होतं. तिसऱ्यानंतर बाकीच्या बायकांनी काठी धरली. त्याची मांडीची जखमही पुन्हा फुटली होती. तो धोतर दाबत खाली बसला. ती पाटी पोटाशी धरून निघून गेली. त्याचं नाव त्या दिवशी कुणीच लिहिलं नाही. तरी तो पुढं बरीच वर्षं जगला.

घरी बायको खांद्याला हळद लावत होती. मी सगळं सांगितलं, माझ्या वाट्याचे फटके जरा वाढवून. तिनं हळदीची वाटी खाली ठेवली.

"अक्षरं सांगायचं थांबला असतात, तर तिचे तीन फटके वाचले असते," ती म्हणाली. "पण थांबला नाहीत, ते बरं केलंत. उद्यापासून बायकांना आपल्या माजघरात बोलवा. दाराशी मी बसते, मुसळ घेऊन."