आमच्या रीलमधल्या काकू

मैत्रिणींनो, मी सिडकोत बायकांना स्कूटी शिकवते, हे तुम्हाला माहीतच आहे. गेल्या महिन्यातली माझी एक रील तुम्ही हसून हसून शेअर केलीत. पन्नाशीच्या काकू घाबरून ब्रेकऐवजी रेस पिळतात आणि गाडीसकट मेंदीच्या कुंपणात घुसतात, तीच. तेव्हापासून माझ्या क्लासला जागा उरलेली नाही.

काकू मात्र परत आल्या नाहीत. मी साधा फोनही केला नाही.

आज सकाळी त्या बसस्टँडवर दिसल्या. रोज फुलंब्रीहून येतात, इथं एका हॉस्टेलात स्वयंपाक करतात. मी हाक मारली, तर पदर ओढून त्यांनी तोंड फिरवलं.

"काकू, क्लासला का येत नाही?"

"नको मॅडम. एस्टीत लोकं मोबाईल दावतात, माझ्याकडं बघून हसतात. जावई बी म्हनला, या वयात कशाला ही थेरं." जरा थांबून म्हणाल्या, "तुमी इचारलं असतं, तर मी नाय म्हनले असते. म्हनूनच इचारलं नाय ना?"



घरी येऊन रील काढून टाकली. पण ती कुठल्या कुठल्या पेजवर फिरतेय, कुणास ठाऊक. दुपारी फोन करून माफी मागितली, तुम्हाला एकटीला वेगळं शिकवते म्हटलं. "बघू," एवढंच म्हणाल्या.

कुणाकडे ती रील असेल, तर कृपा करून डिलीट करा. आणि खरं सांगा, ती बघताना 'या बाईंना विचारलं असेल का?' असं तुमच्या मनात आलं होतं का?

माझ्या आलं होतं. तरी मी टाकली.