जिन्याखालची पुस्तकं

भोरमध्ये वाचनालयाची नवी इमारत बांधायचं ठरलं, तेव्हा ग्रंथपाल म्हणून मीही बैठकीला होते. पुण्याहून आलेला तरुण आर्किटेक्ट म्हणाला, "ही इमारत भविष्याबरोबर बदलत जाईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. भविष्याला नको कोण म्हणणार?

पहिल्या नकाशात खालचा अख्खा मजला पुस्तकांचा होता. मग स्पर्धा परीक्षांची मुलंमुली आली. त्यांना अभ्यासाला वेगवेगळे कप्पे हवे होते आणि कप्प्यात मोबाईल चार्जिंगची सोय. मागणी रास्त होती. पुस्तकं वर गेली. वर निवृत्त मंडळींना वर्तमानपत्रांची खोली हवी होती. तीही रास्त. उरलेल्या जागेत वाचनालयाच्या अध्यक्षांना सत्कारासाठी स्टेज हवं होतं. ते रास्त आहे का, हे कुणी विचारलंच नाही.

शेवटच्या नकाशात मी पुस्तकं शोधत बसले.

"खालीच आहेत, जिन्याखाली," आर्किटेक्ट हळूच म्हणाला. "मॅडम, पुढे सगळं डिजिटलच होणार आहे."

"आणि होईपर्यंत?"

"तोवर कपाटं."

इमारत झाली. उद्घाटनाच्या भाषणांत प्रत्येकानं तिला ज्ञानमंदिर म्हटलं. नंतर एके दिवशी मार्गासनी गावच्या एक काकू आल्या. जाडजूड कादंबऱ्यांसाठी त्या नेमानं एसटीनं यायच्या.

"बाई, पुस्तकं कुठं गेली वो?"

त्यांना घेऊन मी अभ्यासिकेतून चवड्यांवर चालत गेले आणि जिन्याखालचं कपाट उघडलं. लोखंडी दार करकरलं. कप्प्याकप्प्यातून माना वर आल्या.

"मॅडम, ही लायब्ररी आहे. आवाज नको."

हे वाक्य मी नोकरीभर लोकांना ऐकवत आले होते. निमूटपणे सॉरी म्हणाले. काकूंना मात्र हसू आवरेना. "हितं श्वास घ्यायचीबी चोरी हाय," म्हणत त्या बाहेर पडल्या. हाताला लागतील तेवढ्या कादंबऱ्या उचलून मीही मागोमाग गेले.

तेव्हापासून दुपारी मी चपला काढायच्या ओट्यावर टेबल मांडते. काकू शेजारणींना घेऊन येतात. कादंबरीतली सून चुकली की सासू, यावर तिथं खुशाल भांडणं होतात. चहाला बाहेर पडलेली परीक्षेची मुलंही उभ्याउभ्या दोन पानं वाचतात.

अध्यक्षांनी ही गर्दी पाहिली आणि लगेच आर्किटेक्टला बोलावलं. "ओटा बंदिस्त केला तर आणखी कप्पे बसतील ना?"

तो टेप घेऊन मापं काढू लागला. मी म्हटलं, "निदान या वेळी माझं टेबल नकाशात दाखवा."

त्यानं दाखवलं. कोपऱ्यात छोटासा चौकोन काढला आणि आत लिहिलं, 'तात्पुरते'.